नन्नाचा पाढा

गिमलीला पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.
उणे चौतीस. तलावाचा या काठापासून दिसेल तिथवर दगड झालेला.
थोर्डिसबाई दारातच उभ्या, अंगात दोन कोट,
डोक्याला नवऱ्याची टोपी. नवरा जाऊन सहा वर्षं झाली.
"रोडेलिओ ना तू? बूट काढू नकोस,
फरशी बाहेरच्यापेक्षा गार आहे."

तळघरात भट्टीचं आपलं एकच चाललेलं:
पंखा फिरे, चाळीस मोजेपर्यंत फिरे, मग थांबे.
ठिणगी नाही, ज्योत नाही. पुन्हा पंखा.
म्हाताऱ्या माणसानं घसा खाकरावा
आणि बोलायचं तेच विसरून जावं, तसं.

झाकण काढलं. तो तिथे होताच,
दाबाचा स्विच, तळहाताएवढी डबी,
आत रबराचा पातळ पडदा, कानाशी एक नळी.
पंखा धूर बाहेर ओढतोय का
एवढंच तो त्या नळीतून जोखत बसतो.
ओढ पुरेशी असली की पडदा मागे सरतो,
टिच्, आणि गॅसच्या झडपेला परवानगी.
नसली तर नाही.
बाहेर कितीही गोठलेलं असो, घरात कुणीही असो,
नाही.

भाचा फोनवर, कॅल्गरीहून, मोठ्या आवाजात:
"स्विच गेलाय. दोन वायरी जोडून टाक थेट.
दोन मिनिटांचं काम."
दोन मिनिटांचंही नाही.
माझ्या खिशात तशी वायर असते, वीतभर,
दोन्ही टोकांना चिमटे. तपासायला.
फक्त तपासायला.

एकदा मी ती जोडून ठेवली होती.
सेल्कर्कला, पहिल्याच वर्षी. घरात तान्हं बाळ,
नवा स्विच सकाळी मिळणार होता.
ऊब आली तशी आईनं माझे दोन्ही हात हातात घेतले.
घरी येऊन आडवा झालो.
त्या वायूला वास नसतो. रंग नसतो.
तो झोपलेल्याला उठवत नाही.
तीन वाजता परत गेलो, बेल दाबली,
आणि दार उघडायला जो वेळ लागला
तो मी अजून मोजतो आहे.
दार उघडलं. आत बाळ रडत होतं.
वायर काढली, म्हटलं, चला, सगळे माझ्या घरी.

नळी उपटून फुंकली. मोकळी.
मापक लावलं, काटा जेमतेम हलला.
म्हणजे डबी खरं बोलत होती.

घराला वळसा घातला, मांडीभर बर्फातून.
उत्तरेच्या भिंतीतून निघालेलं धुराडं,
तोंडाला पांढरी दाढी:
भट्टीचाच श्वास, थेंब थेंब गोठत,
शेवटी स्वतःच्याच तोंडात बोळा होऊन बसलेला.
थर्मासातला चहा ओतला. मग बाईंच्या किटलीतलं पाणी.
तिसऱ्या किटलीला गोळा सुटला,
नारळाएवढा, माझ्या बुटावर.

खाली पंखा फिरू लागला.
आम्ही दोघं डबीकडे बघत उभे.
टिच्.
बोट मोडल्याएवढा आवाज.
मग निळी ओळ, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"जोडलीस ना शेवटी वायर?" भाचा म्हणाला.
बाईंनी फोन बंद केला.

त्यांनी विनारतेर्ता कापला, सात थर, मधे आलुबुखार.
"माझा नवराही असाच. चाळीस वर्षं नन्नाचा पाढा.
पहाटे तलावावर जायचा, पहारीनं बर्फ ठोकायचा,
परत येऊन म्हणायचा, आज गाडी न्यायची नाही.
जाळी अडकलेली, मासे सडतायत, मी भांड भांड भांडायचे."
चहात साखर घातली, ढवळली नाही.
"शेजारचे गेले त्या बर्फाखाली. दोघं भाऊ."

मग त्यांनी टोपी काढली,
ऊब आली होती आता,
आणि ती खुंटीला न लावता मांडीवर ठेवली.

गाडीत बसलो तेव्हा खिशात काहीतरी टोचलं.
वीतभर वायर,
दोन्ही चिमटे एकमेकांना चावून बसलेले.